चौदा नंबरचा आवाज

१

सिद्धूनं जीप कळसच्या गट ऑफिसासमोर उभी केली आणि मागचं स्ट्रेचर ओढून काढलं. ओट्यावर एक म्हातारा शेंगा फोडत बसला होता. ट्रॉली कुठं उलटलीय, खाली कोण सापडलंय, असं सिद्धूनं धापा टाकत विचारलं. म्हाताऱ्यानं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग सिद्धूकडं. सकाळधरनं या रस्त्यानं ट्रॉली म्हणून गेली न्हाय, म्हणाला आणि पुढची शेंग फोडली.

सिद्धू पाटापर्यंत जाऊन आला, फाट्यापर्यंत जाऊन आला. दोन्हीकडं ऊस सळसळत उभा होता. उलटलेलं काही नव्हतं आणि पडलेलंही कुणी नव्हतं.

इकडं कारखान्यापासून मैलभरावरच्या फडात, त्याच सुमाराला, साखरबाईच्या पायावर कोयता बसला. साखरबाई तोडणीवाली, नवरा म्हस्कू याच्याबरोबर दरसाल बीडकडून यायची. म्हस्कूनं लुगड्याचा पदर फाडून घोट्याला आवळला, तिला पाठीवर घेतलं आणि कारखान्याच्या फाटकाकडं पळत सुटला. अडल्यानडल्याला तिथं जीप उभी असते, हे तोडणीवाल्यांच्या लेकरांनासुद्धा ठाऊक होतं. फाटकाशी तेलाचे डाग होते. जीप नव्हती.

शेवटी बैलगाडीत घालून तिला बारामतीला नेलं. वाटेत निम्मी गाडी रक्तानं भिजली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी म्हस्कूला एवढंच विचारलं, की आणायला इतका वेळ का लावला.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता, गळीत हंगाम ऐन भरात होता. जीप बोलावणारा निरोप कारखान्याच्या वायरलेसवरून आला होता. तो कुणाच्या सेटवरून आला हे शोधायची गरजच नव्हती, कारण सेटनं स्वतःच ते सांगितलं होतं. कंट्रोलच्या पेटीवर लाल आकडा उमटला होता, कागदाच्या पट्टीवर वेळेसकट छापला गेला होता. अकरा वाजून चार मिनिटं. नंबर चौदा.

चौदा नंबरचा सेट होता वायरलेस इंजिनियर बुद्धघोष लोंढेचा.

२

शेतकी अधिकारी निंबाळकर साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथरावांना खोलीत बोलावलं. रविवार असूनही साहेब हजर होते. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता, सही तेवढी राहिली होती.

सोमनाथराव पोलिसांच्या वायरलेसमध्ये चोवीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आता कारखान्याच्या कंट्रोल रूमचे प्रमुख. सारा कारखाना त्यांना तात्या म्हणे. गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळात पहिल्या टाळाचे मानकरी. कीर्तन म्हटलं की त्यांना तहानभूक राहत नसे. काल हे सगळं घडलं तेव्हाही ते कारखान्याच्या मारुतीपुढं काल्याच्या कीर्तनात डोळे मिटून उभे होते. सप्ताहाचा शेवटचा दिवस, सकाळी नवाला उभं राहिलेलं कीर्तन. निम्मा कारखाना मांडवात होता.

साहेब म्हणाले, की बाई दगावली तर पोलीस येतील, त्याआधी आपल्या हातात काहीतरी लेखी हवं. लोंढे म्हणतो निरोप त्यानं दिला नाही. पण आकडा तर त्याचाच आहे, आणि हे आकड्यांचं यंत्र त्यानंच आणलंय. तुम्ही पोलिसातले, चार माणसांना विचारा आणि दुपारी चारपर्यंत सांगा. मग मी या कागदावर सही करतो.

सोमनाथरावांनी मान हलवली आणि बाहेर आले. पायरीवर त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण छातीत काहीतरी गोड गोड वाटत होतं.

त्या गोडव्याचं मूळ दोन वर्षं जुनं होतं. आधीच्या सेटांच्या काळात कुणी बटण दाबून नुसता खाकरला तरी सोमनाथराव माणूस ओळखायचे. बोला आप्पा, पडसं बरं झालं का, असं म्हणायचे आणि पलीकडचा माणूस चकित व्हायचा. त्यांच्या कानाची गोष्ट इंदापूरपर्यंत सांगितली जायची. मग बुद्धघोष आला. इंदापूरचा पोरगेला माणूस, वडील शाळामास्तर, पुण्यात शिकलेला. त्यानं नवे सेट आणले. या सेटांची तऱ्हा अशी, की बटण दाबलं की माणसानं तोंड उघडायच्या आत सेटच टुर्र करून आपला नंबर कंट्रोलला कळवतो. कंट्रोलची पेटी तो नंबर आपल्या यादीत आहे का बघते, असला तर टिक करून वाट मोकळी करते, आणि मगच माणसाचा आवाज आत येतो. नाव सांगायला नको, ओळखायला नको.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर साहेब खुशीत म्हणाले होते, "आता काय, कंट्रोलला कुणीही बसलं तरी चालेल."

ते वाक्य सोमनाथरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्यांची जुनी खोलीही गेली. नवी कंट्रोल रूम पंख्याची झाली, आणि मागच्या जुन्या खोलीत भजनी मंडळाचे टाळ, सतरंज्या आणि वायरलेसचं भंगार एकाच लोखंडी कपाटात राहू लागलं. किल्ली सोमनाथरावांच्या करगोट्याला.

आणि आज त्या आकड्यानंच आकडेवाल्याला धरून दिलं होतं. सोमनाथरावांनी मनातल्या मनात पांडुरंगाचं नाव घेतलं. पण ते कशासाठी घेतलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

३

काल कंट्रोलला जयवंता बसली होती. एरवी ती टेलिफोनवर असायची, सोमनाथराव कीर्तनाला गेले म्हणून दोन तास इकडं. रात्रभर तिला झोप नव्हती. तात्या समोर बसल्या बसल्या तिनं आधीच सांगून टाकलं, की मी जीप पाठवायला एक मिनिट लावलं न्हाय, ह्यात माझी काय चूक.

चूक कुणाची ते नंतर बघू, सोमनाथराव म्हणाले. निरोप कसा आला तेवढं सांग.

टुर्र झालं, चौदा आला, आणि माणूस घाईनं बोलला. कळसला ट्रॉली उलटली, माणूस खाली हाय, जीप लावून द्या. एवढंच बोलून बंद.

"आवाज कुणाचा होता?"

जयवंतानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी दळण गिरणीऐवजी जात्यावर का नाही दळलं असं विचारलं. "आवाज कोण ऐकतंय आता, तात्या? चौदा आला म्हंजे इंजिनियरच की. जरा दबल्यावानी बोलला, पर घाईत असंल म्हनलं."

सोमनाथरावांना बरं वाटलं आणि वाईटही. काल खुर्चीत ते असते तर.

पुढं काय झालं, असं त्यांनी विचारलं. सिद्धूला पिटाळून जयवंता परत आली आणि जीप निघाली हे सांगायला तिनं चौदा नंबर फिरवला. तो लगेच बोलला. पट्टीवर अकरा सहा. जीप निघाली, असं ती म्हणाली, तर पलीकडून तो विचारतो, कुठली जीप? तुम्हीच बोलावली ती, असं म्हणून तिनं ठेवून दिलं. तिला वाटलं, माणूस घाबरला की असंच बोलतो. साहेबांना ती हे काल सांगून चुकली होती. साहेबांच्या मते ते नाटक होतं.

सोमनाथरावांनाही ते नाटकच वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. ते उठले. दारापर्यंत गेले. मग चोवीस वर्षांची सवय आडवी आली. पोलिसात असताना ते नेहमी शेवटी एक प्रश्न विचारायचे, माणसाचा नव्हे, माणसाच्या मागचा.

बोलणाऱ्याच्या मागं काय वाजत होतं?

जयवंता विचारात पडली. पहिल्या वेळी घुंगरं, ती म्हणाली. बैलांच्या घुंगरमाळा असतात तशी. कळसच्या अड्ड्यावर गाड्या उभ्या असतील. आणि दुसऱ्या वेळी वारा. नुसता घोंघों वारा, उंचावर असतो तसला.

सोमनाथराव परत खुर्चीत बसले. त्यांनी तिला सांगितलं, की ती घुंगरं टेबलावर बोटांनी वाजवून दाखव. जयवंताला हसू आलं, पण तात्यांचा चेहरा बघून तिनं वाजवायला सुरुवात केली. चुकत, आठवत, मग हात बसला. बैल चालतो तेव्हा घुंगरं कशीही वाजतात, त्यांना ताल नसतो. जयवंताच्या बोटांना ताल होता. दुडका, चढत जाणारा, शेवटी एकदम थांबून पुन्हा उसळणारा.

तो ताल सोमनाथराव चाळीस वर्षं वाजवत होते. काल्याची हंडी फुटायच्या आधीचा गजर.

कळसला काल कीर्तन नव्हतं. पंचक्रोशीत काल काला एकाच ठिकाणी होता, या खोलीपासून शंभर पावलांवर.

४

बुद्धघोष कारखान्याच्या पाण्याच्या टाकीखाली बसला होता. सस्पेंड नव्हता, पण कुणी काम सांगत नव्हतं. सोमनाथरावांना पाहून तो उभा राहिला. तो कधीही आधी उभा राहायचा, आणि तेही सोमनाथरावांना खुपायचं. या पोराच्या अदबीत खोट सापडत नसे.

काल अकरा वाजता तो कळसजवळच्या टाकीवर चढला होता. वरची ॲन्टेना वाऱ्यानं फिरली होती ती सरळ करायला. बरोबर कुणी नव्हतं. हेच तर साहेबांनी धरलं, बुद्धघोष म्हणाला, कळसलाच होतास आणि कळसचाच निरोप. वर असताना सेट वाजला, जयवंताबाई म्हणाल्या जीप निघाली. मी विचारलं कुठली जीप, तोवर बंद झालं.

"तुझा सेट तुझ्याकडंच होता? कुणाला दिला नव्हतास?"

"कमरेलाच होता, तात्या. खोटं कशाला बोलू. दुसऱ्याकडं होता म्हणालो असतो तर सुटलो असतो ना मी."

खरं होतं ते. सोमनाथरावांनी त्याच्या हातातला सेट घेतला, उलटा करून पाहिला. दिवाळीत जुना चौदा पडून बिघडला, तेव्हा बदली आणलेला हा नवा. अजून पाठीवरचा कागदही निघाला नव्हता.

अकरा चारला चौदा नंबर काल्याच्या मांडवाजवळ होता. अकरा सहाला चौदा नंबर कळसच्या टाकीवर होता. मध्ये सात कोसांची वाट आणि दोन मिनिटं. आकडा एकच, जागा दोन. म्हणजे सेट दोन.

बुद्धघोष खालच्या आवाजात बोलत होता. आईला अजून सांगितलं नाही, म्हणाला. गावात पहिल्यांदा आमच्या घरातला कुणी इंजिनियर झाला, तिनं बुद्धविहारात खीर वाटली होती. चौकशीत नाव आलं तर पुन्हा कुठं कोण घेणार. नोकरी गेली तरी चालेल, तात्या, पण त्या बाईचं कळल्यापासून वाटतंय, माझ्या यंत्रानंच तिचा घात केला की काय. यंत्र खोटं बोलत नाही असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

मग त्यानं मान वर केली. "तात्या, जुना चौदा कुठं असेल हो? पुण्याला गेला म्हणाला होतात. त्यातला नंबर माझ्याकडून पुसायचा राहिला होता."

सेट त्याच्या हातात ठेवून सोमनाथराव चालू लागले.

जुना चौदा पुण्याला गेलाच नव्हता.

५

जुन्या खोलीत दुपारचं ऊन कपाटाच्या दारापर्यंत आलं होतं. सोमनाथरावांनी करगोट्याची किल्ली लावली. वरच्या फळीवर टाळांची पिशवी, खाली भंगार, आणि भंगाराच्या मागं, एका जुन्या उपरण्यात गुंडाळलेला, जुना चौदा.

तो तिथं त्यांनीच ठेवला होता. दिवाळीनंतर बुद्धघोषनं तीनदा मागितला, की नंबर पुसून टाकतो, मगच भंगारात घाला. तीनदा सोमनाथरावांनी पुण्याला पाठवला म्हणून सांगितलं. एका दुपारी त्याला बॅटरी लावून त्यांनी बटण दाबलं होतं. बाकीची बटणं तुटली होती, पण टुर्र झालं, आणि पलीकडच्या पेटीवर चौदा उमटला. तेव्हा त्यांना हसू फुटलं होतं. एवढ्या मोठ्या यंत्राला एवढं मोठं भोक, आणि ते फक्त आपल्याला ठाऊक. एक दिवस साहेबांसमोर दाखवू, त्या दिवशी बघू कोण कुणाला चालतं ते. तो दिवस त्यांनी एखाद्या सणासारखा राखून ठेवला होता.

त्यांनी उपरणं सोडलं. बोलायच्या बटणावर काळा डाग होता. अंगठ्याएवढा, मऊ, चमकणारा. त्यांनी वास घेतला. बुक्का.

काल कीर्तनात बुक्का लावायचं काम कुणाकडं होतं, हे आठवायला वेळ लागला नाही. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, ती काल ते विसरू पाहत होते. गजर चढला तेव्हा टाळांच्या रांगेत डावं टोक विरळ लागलं होतं. अकरा जोडांत एक जोड कमी. डोळे मिटलेले असूनही त्यांना ते टोचलं होतं, आणि त्यांनी मनात म्हटलं होतं, ज्ञानू पाणी प्यायला गेला वाटतं, ऐन वेळी कसली तहान लागते याला.

ज्ञानू उसाच्या वजनकाट्यावरचा कारकून, त्यांचा शेजारी, डाव्या टोकाचा टाळकरी, काल बुक्का लावणाराही तोच. काल सकाळी टाळ काढायला त्यांनी किल्ली त्यालाच दिली होती. वायरलेसची जागा निघाली तेव्हा ज्ञानूनं अर्ज केला होता, दोन वर्षं संध्याकाळी सोमनाथरावांच्या ओसरीवर बसून शिकला होता. परीक्षा झाली आणि जागा बुद्धघोषला मिळाली. तेव्हापासून ओसरीवर वायरलेसचं शिकणं संपलं आणि नुसता चहा राहिला, आणि चहाबरोबर बुद्धघोषची निंदा.

सोमनाथराव खाली बसले. हातात उपरणं होतं. बुक्का पुसायला एक चिमूट वेळ. पुसला, सेट पाटात टाकला, तर या जगात दुसरा चौदा नव्हताच. चार वाजता साहेब सही करतील. पंख्याची खोली, ती खुर्ची, आणि कोण बोलतंय तात्या, असं विचारणारी माणसं. उपरणं बटणाजवळ गेलंही.

काल बुवांनी कीर्तनात टाळाचा दृष्टांत दिला होता. टाळाच्या दोन वाट्या. एकीला वाटलं, नाद माझाच, ही दुसरी उगाच माझ्या अंगावर येते. तिनं दोरी तोडून घेतली. मग जन्मभर ती दगडावर आपटली, लाकडावर आपटली, नुसती खडखडली. बुवा म्हणाले होते, मत्सर वाईट म्हणून सोडा असं मी सांगत नाही, त्यात नाद उरत नाही एवढंच सांगतो. सोमनाथरावांनी तेव्हा डोळे पुसले होते आणि मनात कुणाकुणाची नावं घेतली होती, की हे अमक्यानं ऐकायला हवं, तमक्यानं ऐकायला हवं. स्वतःचं नाव त्या यादीत नव्हतं.

त्यांनी उपरणं बाजूला ठेवलं.

मागं दारात सावली पडली. ज्ञानू उभा होता. कपाळावरचा कालचा बुक्का पुसट झालेला, डोळे सुजलेले. त्यानं सोमनाथरावांच्या हातातला सेट पाहिला आणि चौकटीलाच टेकला.

६

"मला वाटलं, सिद्धू जाईल आन मोकळा परत यील," ज्ञानू म्हणाला. "इंजिनियरची जरा नाचक्की हुईल. येवढंच हुतं, तात्या."

बॅटरी त्यानं काट्यावरच्या सेटची काढली होती. टाळांच्या पिशवीतून सेट मांडवामागं नेला, तोंडाला उपरणं लावून बोलला, आणि टाळ परत ठेवताना सेटही ठेवला. इंजिनियर सकाळी कळसच्या टाकीवर जाणार हे त्याला काट्यावर बसल्या बसल्या कळलं होतं. साखरबाईचं दुपारी कळलं. तेव्हापासून त्यानं अन्नाला हात लावला नव्हता.

ज्ञानू जरा धीट झाला. सेटमध्ये चौदा अजून जिवंत हाय हे मला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मग हळू म्हणाला, "तुमीच म्हनायचात न्हवं? ह्येचा आकडा एक दिवस ह्येलाच खाईल."

म्हणायचे. रोज म्हणायचे. ज्ञानू हसायचा म्हणून आणखी रंगवून म्हणायचे. एकदा त्याच भरात कपाटातल्या जिवंत चौदाचंही सांगून बसले होते.

"चाराला साहेबांकडं ये," सोमनाथराव म्हणाले. "न्हाय आलास तरी माझं मी सांगनार हाय. तुझं तू सांगावंस असं मला वाटतं."

ज्ञानू निघून गेला. तो फाटकाकडं गेला की घराकडं, हे सोमनाथरावांना दिसलं नाही.

चार वाजता कंट्रोल रूममध्ये साहेब, बुद्धघोष आणि जयवंता जमले. साहेबांच्या खिशात तो कागद होता. सोमनाथरावांनी बुद्धघोषला सांगितलं, की तुझ्या सेटची बॅटरी काढ आणि सेट साहेबांच्या हातात दे. त्यानं दिला. मग सोमनाथरावांनी पिशवीतून जुना सेट काढला, काठाला धरून बॅटरी बसवली, आणि बुक्क्याच्या डागाच्या कडेनं पेन्सिलीच्या टोकानं बटण दाबलं.

टुर्र. टिक. पेटीवर लाल आकडा उमटला. चौदा. पट्टी सरकली आणि त्यावरही चौदा छापला गेला.

साहेबांनी हातातल्या मेलेल्या सेटकडं पाहिलं, मग आकड्याकडं.

सोमनाथरावांनी सगळं ओळीनं सांगितलं. नंबर सेटच्या पोटात असतो, माणसाच्या नव्हे. पेटी फक्त एवढंच बघते, की आलेला नंबर यादीत आहे का. तो नंबर दोघांच्या पोटात असला तर तिला दोघंही सारखेच. पहिल्या चौदाच्या मागं काल्याचा गजर होता, तो जयवंतानं ऐकला. दुसऱ्या चौदाच्या मागं टाकीवरचा वारा होता. नाटक करणारा माणूस दोन मिनिटांत सात कोस जात नाही. निरोप देणारा माणूस मांडवातला, बुक्का हाताळणारा, आणि काल सकाळी कपाटाची किल्ली मिळालेला.

"किल्ली कुणाला दिली होती?" साहेबांनी विचारलं.

"मला," दारातून आवाज आला. ज्ञानू आत आला. आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आला होता, जसा कीर्तनाला यायचा.

साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग सोमनाथरावांकडं वळून म्हणाले, की सोमनाथराव, तुम्ही शाबासकीचं काम केलंत, पण एक राहिलं, हा भंगारातला सेट कपाटात आला कुठून.

हा प्रश्न साहेबांनी विचारला नसता तरी सोमनाथराव सांगणारच होते. दुपारपासून ते त्याचीच वाट बघत होते.

"मी ठेवला हुता," ते म्हणाले. "नंबर जिवंत हाय हे ठावं असून ठेवला."

बुद्धघोष त्यांच्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर सोमनाथरावांना सोपं गेलं असतं.

"मी तीनदा मागितला होता, तात्या."

"व्हय. तीनदा."

साहेबांनी खिशातला कागद काढून फाडला. ज्ञानूला त्यांनी फौजदाराकडं पाठवलं. सोमनाथरावांना म्हणाले, की बोर्डाची मीटिंग होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका. सोमनाथरावांनी करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. जयवंतानं तोंडाला पदर लावला. निघताना पेटी वाजली, आकडा उमटला, आणि बुद्धघोषनं आकड्याकडं न पाहता आधी कान दिला.

७

सोमनाथराव पाचाच्या एसटीनं बारामतीला गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर म्हस्कू बसला होता, शेजारी कपड्यांचं गाठोडं. अंगातल्या बंडीवरचे डाग वाळून काळे झाले होते.

साखरबाई वाचली होती. पाऊलही राहिलं होतं, पण आतली शीर तुटली ती जुळली नाही. टाच आता टेकायची नाही. फडात उभं राहणं संपलं, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले होते. म्हस्कू हे जमिनीकडं बघत सांगत होता, जसं दुसऱ्याच कुणाच्या बायकोचं सांगावं.

मग त्यानं विचारलं, की तुमी कारखान्यातलं दिसता, तो जीपवाला निरोप कुनी दिला त्ये कळलं का. लोक म्हनत्यात, येका इंजिनियरनं दिला.

"त्यानं न्हाय दिला," सोमनाथराव म्हणाले. "त्येचा काय बी दोष न्हाय, कुनी म्हनालं तर सांगा. दोन मानसं हायती. येकानं बटन दाबलं. दुसऱ्यानं त्यो सेट त्येच्यासाठी जपून ठिवला."

"दुसरा कोन?"

"मी."

म्हस्कूनं पहिल्यांदा वर पाहिलं. सोमनाथरावांच्या गळ्यातल्या माळेवर त्याची नजर थोडा वेळ थांबली. त्याच्या मुठी वळल्या आणि सुटल्या. सोमनाथराव उभेच होते. त्यानं मारलं असतं तर त्यांनी हात वर केला नसता.

"मला काय सांगताय?" म्हस्कू म्हणाला. "तिला सांगा. पाय तिचा हाय."

आणि त्यानं समोरच्या दाराकडं हात केला.

सोमनाथरावांनी देवळाबाहेर काढतात तशा दाराशी चपला काढल्या, आणि ते आत गेले.